कंट्रोलर मामांची एक दिवसाची सहल

आईवडिलांनंतर माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असतील, तर वसंता अंभोरे यांचे. ते माझ्या नात्यातले नाहीत. उंद्रीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर आहे, म्हणून मामा. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, म्हणून अख्खं गाव त्यांना कंट्रोलर मामा म्हणतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण नाव सुटलं नाही. आणि खरं सांगायचं तर मामांनीही स्टँड सोडलेलं नाही. ते आता ओसरीवर आहे एवढंच.

मामा घरात घोषणा करतात. घसा दोनदा साफ करायचा, मूठ तोंडाजवळ न्यायची आणि छापील मराठीत सुरू करायचं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. स्वयंपाकघरातून ओसरीकडे येणारा चहा अद्याप आलेला नाही. संबंधितांनी चौकशी करावी."

आतून गोदामामींचा आवाज येतो, "दूध फाटलं हाय! रस्ता बंद!"

यावर मामा गंभीरपणे मान हलवतात. रस्ता बंद असेल तर कोणाचा काय दोष?

घड्याळातली वेळ ते कधी सांगत नाहीत. "दुपारच्या मेहकर गाडीले येजो," म्हणजे दोन वाजून दहा मिनिटांनी. ती मेहकर गाडी बंद होऊन किती वर्षं झाली, कोणास ठाऊक. पण आमच्या गल्लीत अजून बायका त्या गाडीला दळण टाकतात आणि पोरं सकाळच्या जालना गाडीला अंघोळ करतात. लग्नाच्या पंगतीत मामांना कोणी माईक दिला तर ते सांगतात, "जेवणाऱ्यांनी दारात गर्दी करू नये, उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यावे." जेवणारे हात धुवायला उठत असतात, त्यांना तेवढ्यात वाट मिळते. त्यामुळे घोषणा चुकीची होती असंही म्हणता येत नाही.

माझ्यावरचे उपकार असे. मी बारावी झालो तेव्हा आमच्या घरात सही करणारा मी एकटा होतो. कॉलेज तालुक्याला. आणि मला गाडी लागायची. उंद्रीचा फाटा गेला की मी खिडकीबाहेर. पहिल्या आठवड्यात तीन दिवस अर्ध्या रस्त्यात उतरून पायी परत आलो. बाबा म्हणाले, राहू दे मग, वावरात ये. मामांना हे कळलं. त्यांच्या पुढच्या आठवडी सुट्टीला ते माझ्याशेजारी येऊन बसले. खिशातून लिंबू काढलं, माझी मान धरून सरळ केली आणि म्हणाले, "खिडकीतून पाहू नोको बे. ड्रायव्हर पाह्यते तिकडं पाह्य. गाडी कुठी चालली हे पोटाले समजलं, का पोट गप बसते."

असे ते सात सुट्ट्या माझ्याबरोबर तालुक्याला आले आणि परत आले. आठव्या वेळी मी एकटा गेलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो तो त्या सात खेपांमुळे. आज बुलढाण्याला सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक आहे. माझा पहिला पगार झाला तेव्हा मी पेढे घेऊन गेलो, तर मामा म्हणाले, "पेढे ठेव. उलटी होते का अजून?"

असा हा माणूस. आता त्यांनी केलेली एक वाईट गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय सहलीचं काही कळणार नाही.

मामांना एकच मुलगी, वर्षा. नर्सिंग शिकली आणि तिला नोकरी लागली ती थेट कोकणात, मालवणकडे. तिथेच तिने प्रसाद नावाच्या, पर्यटकांची होडी चालवणाऱ्या मुलाशी नोंदणी लग्न केलं आणि मग घरी कळवलं. मामांचा राग होडीवर नव्हता, जातीवरही नव्हता. ते म्हणत, "गाडी सोडून मंग कंट्रोलरले सांगते का कोणी?"

महिन्याभराने ती नवऱ्याला घेऊन आली. तिला वाटलं, घरी बाबा ओरडतील, पण ड्यूटीवर चार लोकांत ओरडणार नाहीत. म्हणून दोघं आधी तालुक्याच्या स्टँडवरच गेली. मी तेव्हा कॉलेजातून सुटून गाडीची वाट पाहत तिथेच उभा होतो. ती चौकशीच्या खिडकीशी गेली, वाकून "बाबा" म्हणाली. मामांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. तोंड माईककडे वळवलं. आणि स्टँडच्या चारी भोंग्यांतून त्यांचा आवाज आला:

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. जालन्याकडे जाणारी गाडी फलाट दोनवर लागली आहे. चौकशी खिडकीसमोर उभ्या असलेल्या दोन प्रवाशांना या स्टँडवर कोणीही ओळखत नाही. त्यांनी याच गाडीने निघावे."

पानवाल्याने ऐकलं, रसवंतीवाल्याने ऐकलं, कॉलेजच्या पोरींनी ऐकलं. वर्षाताई त्याच गाडीने गेली. मामांनी गाडीची नोंद केली, वेळ टाकली, सही केली.

याला आठ वर्षं झाली. ती परत आली नाही. मामींशी फोनवर बोलते, आणि फोन वाजला की मामा ओसरीवरून उठून गोठ्यात जातात. गोठ्यात जनावर नाही. ते तिथे नुसते उभे राहतात.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच दिवाळीनंतर मामांनी जाहीर केलं, की गावातर्फे एसटी करारावर घेऊन तारकर्लीच्या समुद्रकिनाऱ्यावर सहल काढायची आहे. पांढरी वाळू, निळं पाणी, किनारा सगळ्यांसाठी खुला. वर्षाताईचं घर त्या किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे, हे गावाला माहीत होतं. मामांना माहीत होतं. गावाला माहीत आहे हेही मामांना माहीत होतं. 

सहल एक दिवसाची. जालना, बीड, सोलापूर, कोल्हापूर, मग घाट. जायला एक दिवस नि एक रात्र, यायला तेवढंच. मी म्हटलं, "मामा, ही तीन दिवसांची झाली."

"प्रवास धरत नसतात," मामा म्हणाले. "प्रवास म्हणजे प्रवास. सहल एकाच दिवसाची."

जुन्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर त्यांनी वेळापत्रक आखलं. प्रत्येक थांब्यापुढे किती वेळ आणि का, असे रकाने. बीड, वीस मिनिटं, कारण: चहा. कोल्हापूर, अर्धा तास, कारण: प्रातर्विधी. आणि तारकर्लीपुढे लिहिलं होतं: नऊ तास, कारण: समुद्र.

त्या सहलीची दरवर्षी तालीम व्हायची. बुद्धविहारासमोरच्या पटांगणात मंडपवाल्याच्या चव्वेचाळीस खुर्च्या, मधे वाट सोडून दोन दोन अशा लावायच्या. ज्यांना गाडी लागते ते पुढे, भांडखोर मधे, झोपणारे मागे. मामा वाटेत उभं राहून हाजरी घ्यायचे. मग सगळे अर्धा तास नुसते बसून राहायचे. घाट आला असं मामांनी सांगितलं की डावीकडे कलायचं. एकदा घाटात गल्लीतल्या सुमनबाईंना खरोखरच मळमळलं, तर मामा खूश झाले. म्हणाले, तालीम बरोबर चालली आहे.

वाळूत चालायची सवय हवी, म्हणून म्हाताऱ्यांना सरपंचांच्या बांधकामापुढच्या वाळूच्या ढिगाऱ्यावर चालवलं. तिथे आमच्या गल्लीतल्या भगवानकाकांनी विचारलं, "कंट्रोलर, तठी किती वाळू हाय?"

"दिसते तठपर्यंत."

"अन् तशीच पडेल असते?"

"हाव."

"राखण?"

"कोणी नाई."

"रातच्याले टिप्पर नाई येत?"

"नाई येत."

भगवानकाकांनी ढिगाऱ्यातली मूठभर वाळू उचलून पाहिली. मग म्हणाले, "मंग तठचा तहसीलदार दिवसभर करते काय?"

आणि एवढं करून सहल दरवर्षी रद्द. कारण एकच: भारमान. म्हणजे गाडी भरली पाहिजे. त्रेचाळीस लोक झाले आणि एक सीट रिकामी राहिली की मामा फॉर्मवर लाल पेनाने "भारमान अपुरे" लिहायचे आणि सुटल्यासारखा चेहरा करायचे. एका वर्षी चव्वेचाळीस पूर्ण झाले, तर मामांनीच एकाचा दमा काढला आणि त्याला गाळलं.

गोदामामी हे सगळं चुलीजवळून पाहायच्या. एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "याइले वाळू पाह्याची हाय का रे संद्या? याइले पोरगी पाह्याची हाय. नात सहा वर्साची झाली. एक डाव तोंड उघडून बोलाले काय होते याइले?"

मामा वेळापत्रकात डोकं घालून म्हणाले, "रस्त्यात घाट हाय. घाटाचं सांगता येत नाई."

"घाट तुमच्या गळ्यात हाय," मामी म्हणाल्या आणि फुंकणी उचलली.

यंदा मी ठरवलं. कचेरीतून रजा टाकली, गावात घरोघर फिरलो, चव्वेचाळीस नावं पूर्ण केली आणि कराराचा अर्जही स्वतः भरला. मामांच्या हातात मंजुरीचा कागद दिला, तेव्हा त्यांनी तो उलटा करून मागची बाजूही पाहिली. चूक सापडली नाही. मामींनी फोन करून वर्षाताईला दिवस कळवला. तिने सांगितलं, मी सुट्टी घेते, सगळ्यांना जेवायला घरी आणा. त्या फोनला मामा गोठ्यात गेले नाहीत. दारात उभे राहिले.

निघायच्या आदल्या दुपारी मी त्यांना शोधत गेलो, तर ते गोठ्यात होते. पाठ माझ्याकडे. मूठ तोंडाशी. हळू आवाजात बोलत होते.

"वर्षा वसंता अंभोरे. वर्षा वसंता अंभोरे. आपण जिथे असाल तिथून चौकशी खिडकीजवळ यावे. आपले वडील..." मग थांबले. घसा साफ केला. पुन्हा सुरुवातीपासून. "आपले वडील..." पुढचा शब्द काही येईना. स्टँडवर हरवलेल्या माणसासाठी जी घोषणा असते, त्यात पुढे "आपली वाट पाहत आहेत" एवढंच असतं. त्यांनी ती आयुष्यात हजारदा केली असेल. मी पाय न वाजवता परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी विहारासमोर लागली. मामांनी इस्त्रीचा खाकी शर्ट घातला होता. प्रत्येकाचं नाव घेऊन एकेकाला चढवलं, पिशव्या कुठे ठेवायच्या ते सांगितलं, गाडी लागणाऱ्यांना लिंबं वाटली. सगळे बसले. मामी पहिल्या सीटवर खिडकीशी, शेजारची जागा मामांची. मामा खाली उभे.

"बसा नं आता," मामी खिडकीतून म्हणाल्या.

"कंट्रोलर गाडीत बसत नाई, गोदा. कंट्रोलर गाडी सोडते."

"अवो, रिटायर होऊन सा वर्सं झाले तुमाले!"

मामांनी गाडीच्या पत्र्यावर तळहाताने दोनदा थाप मारली. ड्रायव्हर बाहेरच्या डेपोचा, त्याला काय माहीत? थाप पडली, त्याने गाडी काढली. गाडीत एकच आरडाओरडा झाला. पन्नास पावलांवर गाडी थांबली आणि मी उडी मारून मागे पळालो.

"मामा, चला. असं काय करता?"

ते रस्त्याच्या कडेला होते तिथेच होते. मला म्हणाले, "संद्या, म्या गाडीतून उतरलो. समदे लोक उभे हायेत. अन् तिनं म्हटलं, मी याइले ओळखत नाई. तं?"

"ताई असं म्हणणार नाही."

"तुले काय माहीत? म्या असतो तं म्हटलं असतं."

 मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "सात मिनिटं लेट झाली गाडी. जाय. पोचल्यावर मले लेखी कळवजो. फोनचं काई खरं नसते."

गाडीतून मामी खाली उतरायला निघाल्या होत्या. मामा तिथूनच ओरडले, "गोदा, उतरशीन तं खबरदार! पोरगी वाट पाहून राह्यली!" आठ वर्षांत त्यांच्या तोंडून पोरगी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मामींनीही तो पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण त्या मुकाट्याने परत जाऊन बसल्या.

त्यांनी लेखी कळवायला सांगितलं होतं, म्हणून मी गाडी सुटायच्या आधी तिथेच पत्र पुरं केलं आणि जाताना मालवणच्या पोस्टाच्या पेटीत टाकलं. ते असं:

आदरणीय मामांना, सविनय जयभीम.

आपली गाडी आज सकाळी आठ वाजून पन्नास मिनिटांनी तारकर्लीला लागली. तुमच्या वेळापत्रकापेक्षा एक तास पन्नास मिनिटं उशीर झाला. घाटात धुकं होतं, ड्रायव्हरचा दोष नाही. सर्व त्रेचाळीस प्रवासी सुखरूप आहेत. सुमनबाईंना दोनदा उलटी झाली.

वाळू खरंच पांढरी आहे. मामींनी चप्पल हातात घेतली आणि काठावरच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ज्वारीचं पीठ सांडल्यासारखं दिसते, पाय कसा ठेवू? भगवानकाकांनी विचारून खात्री करून घेतली. राखण नाही.

आता दुसरं लिहितो. तुम्ही लेखी मागितलं आहे.

वर्षाताई सात वाजल्यापासून गाड्या थांबतात तिथे उभी होती. लोक उतरत गेले, ती एकेकाला नमस्कार करत गेली. मामी उतरल्या तेव्हा दोघी एकमेकींना धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मामींच्या खांद्यावरून ताई गाडीच्या दाराकडे पाहत होती. ड्रायव्हर उतरला, त्याने दार लावलं, तरी पाहत होती. मग मला म्हणाली, "बाबांची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी आहे. ती म्हणाली, "मग?"

मी तुमचं बोलणं तिला जसंच्या तसं सांगितलं. मला माफ करा. तुमच्याबद्दल खोटं बोलायची मला सवय नाही. तिने ऐकून घेतलं. रडली नाही. म्हणाली, "ओळखत नाही असं मी म्हटलं नसतं. पण आठ वर्षं झाली संदीप. बाबा आता कसे दिसतात, ते मला खरंच माहीत नाही."

घरी तिने सगळ्यांना जेवू घातलं. भाकरी आपल्यासारखीच होती, तांदळाच्या भाकरीबरोबर तिने मुद्दाम ज्वारीचीही केली होती. प्रसाद भला माणूस आहे. बोलतो कमी. म्हाताऱ्यांना त्याने उचलून होडीत बसवलं आणि उचलून उतरवलं.

मामा, मी तुमच्या शब्दाबाहेर कधी गेलो नाही. पण काल रस्त्यावर तुम्ही जे केलंत, ते मला बरोबर वाटलं नाही. ती काय म्हणेल याला तुम्ही घाबरलात. ती सात वाजल्यापासून उभी होती आणि तिलाही भीती असेलच की. तरी ती आली.

निघायच्या वेळी तुमची नात आजीबरोबर गाडीत चढली. सगळ्या सीटवर कोण बसलं आहे ते पाहत शेवटपर्यंत गेली आणि परत आली. आजीच्या शेजारची जागा रिकामी पाहून तिने विचारलं, इथे कोण बसतं? मामी म्हणाल्या, तुझे आजोबा.  

ती म्हणाली, "मग ते कुठे उतरले?"

मामींनी माझ्याकडे बोट दाखवलं, म्हणून ती माझ्याकडे पाहायला लागली. मी तिला म्हटलं, विचारून सांगतो.

तुमचा,
संदीप